शुद्ध जातीची पिल्ले पुरवणारे एक उबवणी केंद्र आणि जास्तीच्या नरांचा प्रश्न

एक दिवसाची पिल्ले पुरवणाऱ्या उबवणी केंद्राविषयी अभिप्राय देताना किती पिल्ले जिवंत पोहोचली आणि ती दिसायला कशी होती, एवढेच बहुधा नोंदवले जाते. शुद्ध जातीच्या पिल्लांबाबत ही पारख अपुरी पडते, कारण अंड्यातून निघणाऱ्या पिल्लांपैकी साधारण निम्मी नर असतात आणि कळपाला त्यांतला एखाद-दुसराच पुरतो. उरलेल्या नरांविषयी केंद्र विक्रीपूर्वी काय सांगते, काय सांगायचे टाळते आणि विक्रीनंतर कोणती जबाबदारी पत्करते, यावरून त्याची योग्यता ठरवावी, असे माझे मत आहे आणि हे परीक्षण त्याच दृष्टीने लिहिले आहे. या केंद्रातून मी बॅर्ड प्लायमाउथ रॉक, लाइट ससेक्स, क्रीम लेगबार आणि ब्रह्मा या जातींची पिल्ले घेतली, काही सरमिसळ म्हणजे नर-मादी न निवडता आणि काही केवळ माद्या म्हणून निवडलेली. तक्रारीच्याही काही बाबी आहेत आणि त्या एकाच ग्राहकाच्या अनुभवातून आलेल्या आहेत, त्यामुळे केंद्राचे नाव दिलेले नाही.

पोहोचवण्याची व्यवस्था चांगली आहे. अंड्यातून बाहेर पडण्यापूर्वी पिल्लू बलकाची पिशवी पोटात ओढून घेते आणि त्या साठ्यावर ते दोन-तीन दिवस दाणापाण्यावाचून तग धरू शकते, म्हणूनच असा प्रवास मुळात शक्य होतो; पण हा साठा प्रवासासाठी आहे, विक्रेत्याच्या दिरंगाईसाठी नाही, हे भान या केंद्राला आहे. खोक्याला हवेची पुरेशी भोके होती, आत कप्पे होते आणि तळाशी खडबडीत चटई होती. गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय फाकतात आणि तसेच राहून जातात, त्यामुळे या चटईचे महत्त्व दिसते त्याहून अधिक आहे. एक गोष्ट मात्र खटकली. थंडीच्या दिवसांत मागणी कमी संख्येची असेल, तर खोक्यात ऊब राहावी म्हणून काही जादा पिल्ले मोफत घालण्याची पद्धत येथे आहे आणि ही पिल्ले जवळजवळ नेहमी नर असतात. केंद्राच्या पत्रकात याचा उल्लेख ‘भेट’ असा केला आहे. ज्याला एकही जादा कोंबडा नको आहे त्याच्या दृष्टीने ही भेट म्हणजे काही महिन्यांचे खाद्य, जागा आणि शेवटी एक अप्रिय निर्णय असतो. फोनवर विचारल्यावर त्यांनी जादा पिल्लांऐवजी उष्णता देणारी पिशवी ठेवण्याचे विनातक्रार मान्य केले, पण मागणीच्या अर्जावर तसा पर्याय नाही, आणि जो विचारत नाही त्याच्या वाट्याला ती भेट येतेच.

सोबत येणारी संगोपनाची पुस्तिका बरीचशी भरवशाची आहे. पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या दिव्याच्या साधनाखाली, सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान ठेवावे, नंतर दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी ते कमी करावे, आणि तापमापकापेक्षा पिल्लांच्या वागण्यावर अधिक विश्वास ठेवावा, हा सल्ला योग्य आहे. पिल्ले दिव्याखाली एकमेकांवर चढून चिवचिवत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे, आणि पंख पसरून, चोच उघडी टाकून कडेला पांगली असतील तर उष्णता जास्त आहे. अंड्यावरील कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम भरपूर असते आणि ते वाढत्या पिल्लांच्या मूत्रपिंडांना बाधते, ही सूचना ठळक अक्षरांत छापली आहे, हेही योग्यच झाले. मरेक या कोंबड्यांना लुळे करणाऱ्या विषाणूजन्य रोगाची लस टोचून घेण्याची सोय आहे आणि ती अवश्य घ्यावी. लसीचा प्रभाव निर्माण होण्यास आठवडा-दोन आठवडे लागतात, तोवर नवी पिल्ले जुन्या कोंबड्यांपासून दूर ठेवावीत, असेही पुस्तिकेत सांगितले आहे. पुस्तिकेची उणीव एवढीच की ती सर्व जातींना एकाच मापाने मोजते. लेगबारला पिसे लवकर फुटतात, तर ब्रह्माची पिल्ले, विशेषतः त्यातले नर, कितीतरी दिवस उघड्या पाठीने वावरतात. त्यांना तक्त्यातल्या आठवड्यांनुसार उबेतून बाहेर काढले तर ती गारठतात. दोन्ही जाती एकाच ब्रूडरमध्ये वाढवणाऱ्याने उबेचा एक कोपरा शेवटपर्यंत राखावा.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. ‘निवडलेल्या माद्या’ या नावाखाली केंद्र नेमके काय विकते, हे समजून घेतल्याशिवाय त्याच्या हमीचे मोल कळत नाही. शुद्ध जातींच्या बहुतेक पिल्लांचे लिंग पहिल्या दिवशी ओळखण्याचा एकच खात्रीलायक मार्ग आहे, तो म्हणजे गुदद्वार किंचित उघडून आतला सूक्ष्म उंचवटा तपासणे. ही पद्धत १९२० च्या दशकात जपानमध्ये मासुई आणि हाशिमोतो यांनी विकसित केली आणि पुढे तिथेच प्रशिक्षित झालेले तज्ज्ञ जगभरच्या उबवणी केंद्रांत काम करू लागले. काम नाजूक आहे, अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या दिवसाच्या आतबाहेरच ते करावे लागते आणि अननुभवी हातांनी पिल्लू दगावू शकते, म्हणून घरी करून पाहण्याचा हा प्रकार नव्हे. या केंद्राची हमी ९० टक्क्यांची आहे आणि माझ्या अनुभवात ती पाळली गेली. निवडलेल्या माद्यांत जे नर निघाले, ते त्या मर्यादेत बसणारे होते. परंतु ९० टक्के या आकड्याचा अर्थ ग्राहक ‘जवळजवळ सगळ्या’ असा घेतात आणि केंद्र तो गैरसमज दूर करण्याची तसदी घेत नाही. साधा हिशेब करून पाहावा : प्रत्येक पिल्लाबाबत अचूकता ९० टक्के असेल, तर दहा पिल्लांच्या गटात एकही नर न निघण्याची शक्यता सुमारे ३५ टक्केच भरते, म्हणजे एखादा तरी कोंबडा निघेल असे धरूनच चालावे. सरमिसळ पिल्लांबाबतही असाच भ्रम असतो. दहांत पाच नर ही केवळ सरासरी आहे. सात किंवा त्याहून अधिक नर निघण्याची शक्यता सुमारे १७ टक्के आहे, आणि तसे झाले म्हणजे ‘आम्हाला मुद्दाम नर दिले’ असा आरोप केंद्रावर होतो. हा हिशेब पुस्तिकेत चार ओळींत मांडला असता, तर ग्राहकांचा रोष आणि केंद्राचा मनस्ताप दोन्ही कमी झाले असते.

केंद्राच्या सूचीतील सर्वांत गंभीर दोष मात्र निराळा आहे. ‘शुद्ध जाती’ या शीर्षकाखाली तेथे एक तांबडी कोंबडी दिली आहे आणि तिच्यापुढे ‘रंगावरून लिंग पहिल्या दिवशी निश्चित’ असे लिहिले आहे. जाणकाराला ती ओळ वाचताच शंका यावी. सोनेरी रंगाच्या कोंबड्याचा, उदाहरणार्थ ऱ्होड आयलंड रेडचा, रुपेरी रंगाच्या कोंबडीशी, उदाहरणार्थ लाइट ससेक्सशी, संकर केला की मुलगे फिकट पिवळसर आणि मुली तांबूस निघतात, कारण सोनेरी की रुपेरी हे ठरवणारा जनुक लिंगगुणसूत्रावर असतो. रंगावरून पिल्ले निवडण्याची ही युक्ती उत्तम आहे, पण ती संकराची आहे आणि एकाच पिढीपुरती आहे; त्या पिल्लांपासून पुढची पिढी काढली तर ना रंगाचा नियम टिकतो ना जातीचा. अंड्यांसाठी कोंबड्या हव्या असणाऱ्याला त्या जरूर घेता येतील, किंबहुना ज्याला नर टाळायचे आहेत त्याच्यासाठी तोच सर्वांत सरळ मार्ग आहे, परंतु त्यांना शुद्ध जातीच्या रांगेत बसवणे ही फसवणूक आहे. मी हे लेखी कळवले होते. उत्तर सौजन्याचे आले, सूची मात्र अजून तशीच आहे.

याच्या उलट क्रीम लेगबारबाबत केंद्राला पूर्ण गुण द्यावे लागतात. पहिल्या दिवशी रंगावरून ओळखता येणाऱ्या शुद्ध जाती थोड्या का होईना, पण आहेत. केंब्रिजमध्ये आनुवंशिकीचे अभ्यासक रेजिनाल्ड पनेट यांनी १९३० च्या सुमारास सहकाऱ्यांसह ज्या जाती घडवल्या, त्यांचा पायाच हा होता. पिसांवर आडवे पट्टे आणणारा जनुक नरात दोन प्रतींत आणि मादीत एकाच प्रतीत असतो. त्यामुळे लेगबारच्या मादीच्या पाठीवर गडद, रेखीव पट्टे दिसतात, तर नर फिकट असतो, त्याचे पट्टे पुसट असतात आणि डोक्यावर पांढुरका ठिपका असतो. येथील लेगबार पिल्ले या वर्णनाला तंतोतंत उतरली आणि एकाही मादीचा पुढे कोंबडा झाला नाही. बॅर्ड रॉकमध्येही डोक्यावरचा ठिपका नरात मोठा व वेडावाकडा आणि मादीत लहान व आटोपशीर असतो, पण तेथे चूक होण्यास पुष्कळ वाव आहे, आणि केंद्राने तसे प्रांजळपणे नमूद केले आहे. पंखांच्या पिसांची लांबी पाहून लिंग सांगण्याची रीत लोकप्रिय आहे. पिसे लवकर फुटणारा बाप आणि उशिरा फुटणारी आई अशी जोडी मुद्दाम लावलेली असेल तरच ती चालते, एरवी नाही. अंड्याचा आकार किंवा उबवणीचे तापमान यांचा तर लिंगाशी काहीच संबंध नसतो, कारण कोंबड्यांत लिंग आईकडून येणाऱ्या गुणसूत्राने अंडे बनतानाच ठरलेले असते.

केवळ माद्या मागवून प्रश्न सुटत नाही, तो फक्त आपल्या खुराड्यातून केंद्राच्या आवारात जातो, ही गोष्ट ग्राहकांनी स्वतःशी मान्य करावी. जगभरात अंड्यांच्या उद्योगात दरवर्षी काही अब्ज नर पिल्ले पहिल्याच दिवशी मारली जातात. जर्मनीने २०२२ च्या आरंभापासून यावर बंदी घातली आणि अंड्यातच लिंग तपासणारी यंत्रे तेथे रुळली, परंतु त्यातली काही यंत्रे भ्रूणाच्या पिसांच्या रंगावर चालतात, म्हणजे नर-मादीचा रंग वेगळा असलेल्या संकरांनाच ती लागू पडतात, आणि एकूणच ही साधने मोठ्या उद्योगासाठी आहेत. अनेक जातींच्या लहान लहान तुकड्या उबवणाऱ्या केंद्राला ती परवडणारी नाहीत. म्हणून निवडीनंतर उरलेल्या नरांचे काय होते, असे मी या केंद्राला विचारले. काही नर वाढवण्यासाठी विकले जातात, काही खोक्यांत उबेसाठी घातले जातात आणि उरलेले वायूने मारून शिकारी पक्षी व सरपटणारे प्राणी पाळणाऱ्यांना खाद्य म्हणून दिले जातात, असे त्यांनी लेखी कळवले. हे वाचायला सुखद नाही. तरीही एवढे सरळ उत्तर देणारी केंद्रे विरळाच, आणि माझ्या लेखी ही या सेवेची फार मोठी जमेची बाजू आहे.

पिल्ले वाढू लागल्यावर पुस्तिका पुन्हा एकदा डळमळते. ‘आठव्या आठवड्यापर्यंत नर ओळखू येतात’ हे तिचे विधान हलक्या जातींबाबत ठीक आहे, कारण त्यांच्या नरांचा तुरा आणि चोचीखालच्या लोंबत्या पाळ्या तोवर लाल होऊन बहिणींपेक्षा ठळक दिसू लागतात. ब्रह्माचा तुरा मुळातच आखूड असतो आणि वाढ संथ असते. तिथे मानेवरची व कमरेवरची टोकदार, चकचकीत पिसे दिसेपर्यंत थांबावे लागते आणि तेवढ्यात तीन-चार महिने सहज जातात. सिल्कीबाबत तर आरवणे ऐकू येईपर्यंत किंवा पहिले अंडे दिसेपर्यंत शपथेवर काही सांगू नये. सेब्राइटची गंमत याहून न्यारी आहे, कारण त्या जातीच्या नरालाही मादीसारखीच गोल टोकाची पिसे येतात आणि पिसांची कसोटी तेथे उपयोगीच पडत नाही. ज्या केंद्राच्या सूचीत या तिन्ही जाती आहेत, त्याने सर्वांसाठी आठवा आठवडा छापावा, हे निष्काळजीपणाचे आहे.

कोणता नर ठेवावा, याविषयीचा सल्ला तर एका वाक्यात उरकला आहे : सर्वांत मोठा ठेवा. शुद्ध जात राखण्याची ज्याला खरोखर आस्था आहे, त्याच्यासाठी हा सल्ला अपुरा आणि काहीसा घातकही आहे. लवकर मोठा दिसणारा नर पुष्कळदा फक्त लवकर वयात आलेला असतो. तुऱ्याला बाजूने फुटवे आहेत का, शेपूट एका अंगाला झुकते का, पायांचा रंग जातीला धरून आहे का, ज्या जातीचे पाय स्वच्छ असायला हवेत त्यांच्या नळ्यांवर पिसांचे कोंब आहेत का, छाती आणि पाठ भरलेली आहे का, हे पाहायचे असते आणि पाहता पाहता टप्प्याटप्प्याने नर कमी करायचे असतात. उघड व्यंग असलेले आधी काढावेत आणि अंतिम निवड पूर्ण पिसे आल्यावरच करावी. या दृष्टीने जास्तीचे नर हे निव्वळ ओझे नसते. निवडीला वाव हवा असेल तर ते हवेतच, आणि एकाच नरावर सारी भिस्त ठेवणारा पाळणारा त्या नराचे दोषही पुढच्या पिढीत घेतो. बॅर्ड रॉकबाबत आणखी एक माहिती केंद्राने द्यायला हवी होती. पट्ट्यांच्या जनुकाच्या दोन प्रतींमुळे या जातीचा नर मादीपेक्षा फिकट दिसतो. प्रदर्शनात दोघेही सारखेच गडद दिसावेत म्हणून अनेक जण नरांसाठी एक आणि माद्यांसाठी दुसरी अशा दोन वेगळ्या शाखा राखतात. आपली पिल्ले कोणत्या शाखेची आहेत किंवा अशा शाखा येथे राखल्याच जात नाहीत, हे सूचीत कुठेही लिहिलेले नाही. परसात अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्याला त्याने फरक पडत नाही. प्रदर्शनाची आकांक्षा असलेल्याने मात्र उबवणी केंद्राकडे न जाता त्या एकाच जातीवर वर्षानुवर्षे काम करणाऱ्या संगोपकाकडे जावे. येथील पक्षी जातिवंत आहेत, पण त्यांची निवड अंडी आणि फलनक्षमता पाहून झालेली आहे, हे त्यांच्या हलक्या बांध्यावरून कळते.

उरलेल्या नरांसाठी पुस्तिकेने सुचवलेले मार्ग व्यवहार्य आहेत. आठ ते बारा माद्यांमागे एक नर हे प्रमाण दिले आहे आणि अवजड जातींत ते त्याहून कमी माद्यांवर ठेवावे, असेही सांगितले आहे. नर जास्त झाले की माद्यांच्या पाठीवरची पिसे झडतात, जखमा होतात आणि दुबळा नर खाद्यापर्यंत पोहोचूच शकत नाही. नरांचा स्वतंत्र कळप करायचा तर तो माद्या नजरेस पडणार नाहीत अशा जागी करावा, जागा ऐसपैस द्यावी आणि लपायला आडोसे ठेवावेत. एकत्र वाढलेले नर अशा कळपात बऱ्यापैकी नांदतात, पण एकदा बाहेर काढलेला नर परत सोडला की भांडण नव्याने सुरू होते. मांसासाठी वाढवायचे असतील तर अवजड जातींचे नर १६ ते २० आठवड्यांत तयार होतात. सहा आठवड्यांत तयार होणाऱ्या ब्रॉयलरशी त्यांची तुलना करून निराश होऊ नये, आणि त्यापलीकडे फार लांबवूही नये, कारण मांस चिवट होत जाते आणि खाद्याचा खर्च भरून निघत नाही.

शेवटी या केंद्राची विशेष सेवा, म्हणजे जास्तीचे नर परत घेण्याची योजना. येथूनच घेतलेले, पायात केंद्राची कडी असलेले आणि दिसायला निरोगी असे नर ठरलेल्या दिवशी परत घेतले जातात. ते पैदाशीच्या आवारात जात नाहीत, वेगळ्या ठिकाणी उतरवले जातात आणि पिंजरेही तेथूनच धुऊन परत येतात, हे मी खोदून विचारले, कारण गावोगावचे पक्षी स्वतःच्या कळपाजवळ येऊ देणाऱ्या केंद्राकडून पिल्ले घेणे म्हणजे मायकोप्लाझ्मासारखे रोग विकत घेणे होय. या कसोटीला योजना उतरते. दोन गोष्टींना मात्र माझा आक्षेप आहे. जाहिरातीत ‘नवे घर’ असा शब्दप्रयोग आहे, आणि अटींच्या बारीक अक्षरांत परत आलेले नर पुष्ट करून कापले जातात, असे स्पष्ट लिहिले आहे. त्यात गैर काही नाही, पण मग जाहिरातीतही तेच लिहावे. दुसरा आक्षेप मुदतीचा. परतीची मुदत १२ आठवड्यांची आहे; लेगबार, ससेक्स आणि रॉक यांच्यासाठी ती पुरेशी आहे, तर ब्रह्मा आणि सिल्की यांचे नर ओळखू येण्याआधीच ती बहुधा संपून जाते, म्हणजे ज्या जातींत ग्राहकाला या सेवेची सर्वाधिक गरज असते, त्याच जातींत ती हाती लागत नाही. मुदत जातीनुसार ठरवावी, असे मी सुचवले आणि त्यावर विचार चालू असल्याचे कळवण्यात आले. तोवर लेगबार आणि ससेक्ससाठी मी या केंद्राची शिफारस करतो; ब्रह्मा येथून घ्यायचेच असतील, तर निम्मे नर निघतील असे समजून त्यांच्या जागेची सोय मागणी नोंदवण्याआधी करावी.